एका भात्यात एक वाक्य

मित्रांनो, कधीकाळी मी सुरेल पेटी होते. आज मी माळ्यावरचं अडगळीचं खोकं आहे. माझ्या भात्याला वीतभर चीर आहे. ती उंदरांनी पाडलेली नाही. ती कशी पडली, तेच सांगते.

एका सुताराने मला जुन्या दाराच्या लाकडातून घडवलं आणि देवाच्या गोष्टी गाऊन सांगणाऱ्या एका भल्या माणसाने मला घरी आणलं. मला वाजवण्याआधी त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. ते गाऊ लागले की मागच्या बाकावर पेंगणारे म्हातारेसुद्धा डोळे पुसायचे. त्यांची धाकटी मुलगी शेजारी बसून माझा भाता हलवायची. ते तिला सांगत, "बाळ, एका भात्यात एक वाक्य. सूर विझायच्या आत अर्थ पोचला पाहिजे. ऐकणाऱ्याला अर्ध्या वाटेत टाकून गेलीस, तर देवालाही आवडायचं नाही."

वडील गेले. थोरला मुलगा तोवर नामांकित लेखक झाला होता. धाकटी मला घेऊन त्याच्याच घरी राहायला आली आणि त्याच्या पुस्तकांची प्रुफं तपासू लागली. त्याची लंगडी वाक्यं ती गुपचूप सरळ करी आणि शाबासकी त्याला मिळे. एकदा तिने स्वतःची गोष्ट लिहिली आणि भीत भीत दादाला दाखवली. त्याने ती चार मित्रांसमोर बोबड्या आवाजात वाचली.

"आमच्या प्रूफवालीकडे स्वल्पविराम फार साठले होते," तो म्हणाला, "म्हणून बाईसाहेबांनी गोष्ट लिहिली!"

मित्र पोट धरून हसले. हातात चहाचा ट्रे घेऊन तीही हसली. त्यानंतर दोन वर्षं ती लिहायची आणि फाडायची. मी कोपऱ्यातून बघत होते. केराची टोपली माझ्याहून जास्त ऐटीत होती. तिचं पोट रोज भरत होतं.

एका दुपारी माझ्यावरची धूळ पुसताना तिचं बोट एका पांढऱ्या पट्टीवर पडलं. पुसताना भात्यात शिरलेली हवा सूर होऊन निघाली. ती थबकली. फाडायला घेतलेला कागद तिने माझ्यावर ठेवला, भाता एकदाच भरला, तीच पट्टी दाबली आणि वाक्य वाचू लागली. सूर विझला, वाक्य लोंबकळत राहिलं. तिने चार शब्द छाटले. पुन्हा वाचलं. या वेळी दोन्ही एकदमच संपली. मित्रांनो, त्या दिवशी कागद फाटला नाही.

मग थोरला बाहेर पडला की आमचं काम सुरू. 'मला लिहिता येतं का?' हा प्रश्न ती मला विचारत नसे. 'पोचलं का?' एवढंच विचारी. मला खोटी स्तुती येत नाही, म्हणून तिचा माझ्यावर विश्वास होता.

फक्त एक चूक तिने केली. दादाच्या नजरेला पडू नयेत म्हणून ती पानं तिने माझ्याच पोटात लपवली. माझ्यासोबत वाढलेल्या मुलीने हे करायला नको होतं. हवेच्या वाटेत कागद ठेवला की पेटीला दमा होतो.

थोरल्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला पाहुणे जमले. त्यांच्यातल्या एका गायनमास्तरांनी मला पुढे ओढलं. मी फुरफुरले, घरघरले.

"अहो, हिच्या पोटात काहीतरी आहे!" म्हणत मास्तरांनी झाकण उघडलं.

माझीच छाती फितूर झाली. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. थोरल्याने पानं उचलली, डोळे मिचकावले आणि तोच बोबडा आवाज लावला. पण बोबडेपणा पहिल्या वाक्यातच गळला. दुसरं वाक्य त्याला थांबू देईना. पान संपलं तेव्हा पाहुणे पुढे सरकून बसले होते.

"थांबलात का?" मास्तर म्हणाले. "पुढे वाचा की."

थोरल्याचे कान लाल झाले. "कुठून उतरवलंस हे? चोरटी कुठली! हे तुझं असणं शक्यच नाही, कारण हे..."



"कारण हे काय, दादा?" धाकटीने विचारलं. "वाक्य अर्धं सोडू नकोस."

 तिने त्याच्या हातातून पानं घेतली, चपला घातल्या आणि ती गेली. पाहुणे पांगल्यावर त्याने कागद कापायची सुरी माझ्या भात्यातून आरपार ओढली. आठवड्याने तिने मला न्यायला माणूस पाठवला. "ती मोडीत गेली," थोरल्याने सांगितलं. मी माळ्यावर होते. मला ओरडता आलं नाही.

सात वर्षं झाली. गेल्या महिन्यात थोरला एक नवं पुस्तक घेऊन आला आणि दार लावून मोठ्याने वाचू लागला. हातात लाल पेन्सिल होती, चूक शोधायला. प्रत्येक वाक्य त्याच्या श्वासाबरोबर नेमकं संपत होतं. पहिल्याच ओळीला मी ओळखलं. ते माप माझ्या भात्याचं होतं.

मित्रांनो, घरात कोणी चोरून लिहीत असेल, तर हसण्याआधी ते स्वच्छ आवाजात एकदा वाचून बघा. आणि माळ्यावर एखादी पेटी असेल, तर तिला खाली काढा. भात्याची चीर चामड्याच्या पट्टीने बुजते.

त्या दिवशी थोरल्याने शेवटचं पान वाचून पुस्तक मिटलं. पेन्सिलीचं टोक तसंच होतं. त्याने मान वर करून माळ्याकडे पाहिलं, खुर्ची माझ्याखाली ओढली, तिच्यावर एक पाय ठेवला. मग पाय खाली घेतला आणि पुस्तक माझ्याजवळ फेकून दिलं.

ते इथेच आहे, माझ्या चिरेला टेकून.