थंड इंजिनाचा आवाज

रोपवाटिकेवाल्या ताईंची पिकअप तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात येऊन थांबली, तेव्हा मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली आडवे होते. चाकांवरची लाल माती पाहूनच त्यांनी गाडी ओळखली. ते लगेच बाहेर आले नाहीत. हातातला नट आधीच घट्ट बसला होता, तरी तो पुन्हा आवळत राहिले.

"मिस्त्री, दिवा परत लागलाय," ताई वाकून म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं, असं मिस्त्रींना वाटलं.

पिकअप अठरा वर्षांची होती. हौद्यात कायम कुंड्या, खताच्या गोण्या आणि रोपांचे ट्रे. महिन्याभरापूर्वी ती झटके मारायला लागली. चौकात थांबली की उचकी लागल्यासारखी थरथरायची, चढाला दम टाकायची, आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा. पहिल्या खेपेला मिस्त्रींनी स्कॅनर लावला. ऑक्सिजन सेन्सरचं नाव आलं. हा सेन्सर सायलेन्सरच्या नळीत बसून इंजिनातून निघालेल्या धुराचा वास घेतो आणि पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय, ते कॉम्प्युटरला कळवतो. तो सारखा 'कमी, कमी' म्हणत होता. मिस्त्रींनी सेन्सर बदलला. आठवड्यात गाडी परत. दुसऱ्या खेपेला तिसरा सिलेंडर मिसिंग करत होता, मध्येच पेटत नव्हता. त्यांनी चारही प्लग नवे टाकले, तिसऱ्याची ठिणगी देणारी कॉइल पहिल्याला लावून पाहिली, सेन्सरच्या वायरी तपासल्या. गाडी सुतासारखी सरळ झाली. आणि आता पुन्हा ही दारात.

"आणि तो सकाळचा आवाज आहेच," ताई जरा चाचरतच म्हणाल्या. "गाडी सुरू केली की चिवचिव होते. पाच-दहा मिनिटं. मग थांबते."

हे त्या तिसऱ्यांदा सांगत होत्या. पहिल्यांदा मिस्त्री म्हणाले होते, पट्ट्याचा असेल. दुसऱ्यांदा ते सकाळी मुद्दाम रोपवाटिकेत गेले होते, गाडी सुरू करून पाच मिनिटं बॉनेटवर वाकून उभे राहिले होते आणि म्हणाले होते, "ताई, काहीसुद्धा आवाज नाही. भास होतोय तुम्हाला."

आताही त्यांनी तो विषय झटकला. "गाडी ठेवून जा. दोन दिवस द्या."

ताई गेल्या आणि मिस्त्रींनी हातातलं काम तसंच टाकून पिकअपचे प्लग खोलले. चारही काळेकुट्ट, काजळी धरलेले, तिसरा तर ओलाच. म्हणजे पेट्रोल भरमसाट जात होतं. स्कॅनर लावला, तर नवाकोरा सेन्सर अजूनही म्हणत होता, पेट्रोल कमी पडतंय. प्लग किंवा सेन्सर, दोघांपैकी एक खोटं बोलत होता. तीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला घोडं कुठे पेंड खातंय ते कळत नव्हतं. गावभर लोक सांगायचे, मिस्त्री गाडी फाटकातून आत येतानाच रोग सांगतात. आणि इथे दोनदा दुरुस्ती करून झाली, रोग तिथेच.

संध्याकाळी घरी त्यांचं कशातच लक्ष लागेना. टीव्ही लावला, उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. जेवताना ताटाच्या कडेवर बोटाने सिलेंडर पेटण्याचा क्रम मोजत होते, एक-तीन-चार-दोन.

"अहो, टीव्हीचा आवाज कमी करा," बायको म्हणाली. "शेजारी केव्हाचे भिंत ठोकतायत."

"कोण ठोकतंय? मला तर काही ऐकू येत नाही."

बायकोनेच उठून आवाज कमी केला.

सकाळी उजाडताच मिस्त्री चहासुद्धा न घेता गॅरेजवर गेले. इंजिन रात्रभर थंड झालेलं होतं, तसंच हवं होतं. त्यांनी किल्ली फिरवली, बॉनेट उघडलं आणि कान दिला. इंजिनाची धडधड, पंख्याची घरघर, मध्येच तिसऱ्या सिलेंडरची चुकार उडी. बाकी काही नाही. त्यांनी ॲक्सिलरेटर वाढवला, कमी केला, गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला.

तेवढ्यात बायको थर्मास घेऊन आत आली. ती घरी कपडे शिवायची, गॅरेजमध्ये फारशी यायची नाही. दाराशीच थांबली आणि वर पत्र्याकडे बघायला लागली.

"चिमणी अडकलीय का हो आत?"

"कसली चिमणी?"

"चिवचिवतेय की. केवढ्यानं!" तिने मान वळवली, दोन पावलं पुढे आली. "अगंबाई, वर नाही. तुमच्या इंजिनातच आहे."

मिस्त्रींच्या हातातला पाना हातातच राहिला. ते पुन्हा वाकले. डोळे मिटून, श्वास रोखून ऐकलं. धडधड आणि घरघर.

"आत्ताही येतोय आवाज?"

"येतोय. तुम्हाला नाही येत?"

मिस्त्रींनी फळीवरून रबरी नळीचा हातभर तुकडा काढला आणि तिच्या हातात दिला. "एक टोक कानाला लाव. दुसरं मी सांगतो तिथं धर. केस बांध आधी, पंखा फिरतोय."

बायकोने केस बांधले. ती नळी हळूहळू सरकवत गेली. पट्टा, नाही. पंप, नाही. इंजिनाच्या कुशीला, जिथे चार सिलेंडरच्या चार नळ्या एकत्र येऊन सायलेन्सरकडे जातात, तिथे तिसऱ्या नळीपाशी तिने एकदम कानावरून रबरी नळी काढली. "इथे! कानात शिट्टी मारावी तसं."

मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. त्यांच्या डोक्यात एकेक गोष्ट धडाधड जागेवर बसत होती. त्या तिसऱ्या लोखंडी नळीला तडा होता. धूर बाहेर फेकला जाताना त्याच तड्यातून बाहेरची हवा आत ओढली जात होती. सेन्सर बिचारा ती ताजी हवा हुंगून म्हणत होता, पेट्रोल कमी आहे. कॉम्प्युटर आणखी पेट्रोल ओतत होता. प्लग काजळत होते, सिलेंडर मिस होत होता. लोखंड तापून फुगलं की तडा बराचसा बुजायचा, आवाज थांबायचा. सेन्सर पहिल्या दिवसापासून धडधाकट होता. काढून टाकलेला जुनासुद्धा.

पण खात्री करायला हवी होती, आणि त्यासाठी इंजिन गार व्हायला हवं होतं. मिस्त्री दारापर्यंत जाऊन परत आले. पुन्हा गेले.

"बसा हो. चहा निवतोय."

"किती दिवसांपासून तुला माहीत होतं?" त्यांनी एकदम विचारलं.

तिने थर्मासचं झाकण फिरवून त्यात चहा ओतला. "वर्ष झालं असेल. दाराची बेल वाजली की मीच उठते. तुम्हाला वाटतं, मी फार चपळ आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. दोनदा. तुम्ही म्हणालात, लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात."

मिस्त्रींना राग आला, तिचा की स्वतःचा ते त्यांना कळलं नाही. तासाभराने त्यांनी सायलेन्सरच्या तोंडाला फडकं गुंडाळून ब्लोअरची नळी लावली आणि त्या जागेवर साबणाचं पाणी मारलं. तिसऱ्या नळीच्या वळणावर बुडबुड्यांची ओळ उमटली, केसाएवढ्या रेघेवर, एकामागून एक. डोळे शाबूत होते.

भंगारवाल्याकडे त्याच गाडीचा तो भाग मिळाला. दुपारभर खपून मिस्त्रींनी तो बसवला, सांधा बंद करणारं नवं गॅस्केट घातलं, प्लग बदलले. मग बायकोला पुन्हा बोलावून घेतलं आणि इंजिन सुरू केलं. ती नळी लावून सगळीकडे फिरली आणि म्हणाली, "गप आहे."

संध्याकाळी ताई आल्या. त्या येईपर्यंत मिस्त्रींनी मनात चार वेगवेगळी वाक्यं जुळवली होती. तडा नुकताच गेला असेल, असं एक होतं. भाग जुना झाला होता, असंही एक. ताई समोर उभ्या राहिल्यावर यातलं एकही तोंडातून निघेना.

"ताई, सेन्सर चांगलाच होता. मी उगाच बदलला. तुम्ही सांगत होता तो आवाज खरा होता. मला तो ऐकूच आला नाही. कान गेलेत माझे."

ताईंनी मिस्त्रींच्या हातातली किल्ली घेऊन मुठीत धरली. त्या हसतील किंवा भांडतील, असं मिस्त्रींना वाटलं.

"मी डॉक्टरांकडे जाऊन आले," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"तुम्ही म्हणालात आवाज नाही. तुमच्यासारखा माणूस म्हणतोय म्हटल्यावर मला वाटलं, माझ्याच कानात काहीतरी होतंय. रात्रीही चिवचिव ऐकू यायला लागली मला. शेवटी तपासून घेतले कान. ठणठणीत निघाले."

मिस्त्रींना कुठे बघावं कळेना. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं, पण ताईंनी पर्समधून डॉक्टरांची चिठ्ठी काढून बॉनेटवर ठेवली. "पत्ता वर आहे. चांगल्या आहेत बाई. घाई करत नाहीत." मग गाडीत बसल्या आणि काच खाली केली. "सेन्सरचं बघू नंतर. पण पुढच्या वेळी मी काही सांगितलं, तर ऐकून घ्या."

चिठ्ठी चार दिवस मिस्त्रींच्या खिशात राहिली. पाचव्या दिवशी ते डॉक्टरांकडे निघाले, बायकोही बरोबर.

तपासणीची खोली कपाटाएवढी होती, भिंतींना जाड फोम लावलेला. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं, एवढंच. आधी घुमणारे सूर आले, मिस्त्रींनी पटापट बटण दाबलं. मग ते बारीक होत गेले. मग काहीच नाही. काचेपलीकडे डॉक्टरबाई मान खाली घालून काही नोंदवत होत्या, म्हणजे आवाज चालू असणार. मिस्त्रींचा अंगठा बटणावर टेकलेला होता. आला का? आत्ता आला होता का? एकदा त्यांनी अंदाजानेच बटण दाबलं. डॉक्टरबाईंनी वर पाहून नकारार्थी मान हलवली आणि ते परीक्षेत कॉपी करताना पकडल्यासारखे ओशाळले.

"बारीक, उंच पट्टीतले आवाज दोन्ही कानांचे गेलेत," त्या नंतर म्हणाल्या. "ग्राइंडर, हातोडा, इतक्या वर्षांची इंजिनं. गेलं ते परत येणार नाही. पण कानाला मशीन लावलंत तर बरंच ऐकू येईल."

"बघतो, विचार करून सांगतो," मिस्त्री उठत म्हणाले.

"मशीन बसवायला मंगळवारी दहाला चालेल?" बायकोने परस्पर डॉक्टरबाईंना विचारलं.

"मंगळवारी माझ्याकडे दोन गाड्या आहेत."

"मग साडेआठला."

डॉक्टरबाई हातात पेन धरून दोघांकडे पाहत थांबल्या. मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. पाय तर केव्हाचे बाहेर पळू बघत होते.

"साडेआठ लिहा," ते म्हणाले.