मागे पडलेली तारीख

मी एक जुना संगणक आहे. जळकोटच्या बसस्थानकासमोर एक ऑनलाइन सेवा केंद्र आहे, त्याच्या मागच्या खोलीत मोडक्या पंख्याशेजारी मला ठेवलं आहे. अंगावर पोतं टाकलेलं आहे. मित्रांनो, मला आता कोणी सुरू करत नाही. म्हणून जे घडलं ते एकदा तुम्हाला सांगून टाकतो.

माझे भाग कुठल्या कुठल्या देशांत तयार झाले, हे मला ठाऊक नाही. मला जोडलं ते लातूरला, एका छोट्या दुकानात. ते साल २०१४ होतं. दुकानदारानं एकेक स्क्रू आवळला, तारा बसवल्या आणि शेवटी रुपयाएवढा एक चपटा सेल माझ्या पोटात दाबून बसवला. हा सेल फार मोलाचा. वीज गेली, बटण बंद झालं, तरी त्याच्या बळावर मला आजची तारीख आणि वेळ लक्षात राहते. वर्षानुवर्षं तो गुपचूप काम करतो आणि कोणाला आठवतही नाही.

पहिली काही वर्षं मी लातूरच्याच एका संगणक वर्गात होतो. मुलं माझ्यासमोर बसण्यासाठी भांडत. माझ्यावर धूळ बसू नये म्हणून संध्याकाळी निळं आवरण घालत. पुढं नवे संगणक आले आणि आम्हा जुन्यांना विकायला काढलं. तेव्हा केरबा मास्तरांनी मला घेतलं. उदगीरमार्गे एसटीनं येताना त्यांनी मला मांडीवर धरलं होतं. खड्डा आला की ते दोन्ही हातांनी मला उचलून धरत.

केरबा मास्तर पूर्वी टायपिंग शिकवत. टायपिंगचे दिवस संपले, यंत्रं भंगारात गेली, तरी लोक त्यांना मास्तरच म्हणत राहिले. त्यांनी बसस्थानकासमोर गाळा घेतला आणि माझ्यावर लोकांची कामं सुरू केली. परीक्षेचे निकाल, सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले. खुरपून खुरपून बोटांच्या रेषा गेलेल्या बायांचे ठसे उमटत नसत. तेव्हा मास्तर ओल्या फडक्यानं त्यांचं बोट पुसत आणि म्हणत, "घाबरू नगा बाई. पुन्ना ठिवा. तुमी हयात हाव, ते मला दिसून राहिलं. त्याला दिसायला जरा टाइम लागतो." बाया हसत. मलाही बरं वाटे.

दोन वर्षांपूर्वी माझा तो सेल संपला.

त्यानंतर बटण बंद केलं की मी तारीख आणि वेळ विसरू लागलो. पुन्हा सुरू झालो की माझ्या पडद्यावर एकच तारीख असे, १ जानेवारी २०१४. माझ्या जन्माच्या सालापुढची तारीख मला आठवतच नसे. मास्तरांच्या हे लगेच ध्यानात आलं. सेल काही महाग नव्हता, पण जळकोटात मिळत नव्हता. "उदगीरला गेलो की आणतो," असं ते म्हणाले. उदगीरला ते अनेकदा गेले. दरवेळी दुसरंच काम निघालं. मग त्यांनी सवय लावून घेतली. रोज सकाळी दुकान उघडलं की ते पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्याशी वाकत आणि आपल्या हातानं आजची तारीख घालत. पडद्याचा तो कोपरा काळवंडला होता, त्यामुळे वाकल्याशिवाय काही दिसत नसे. अर्ध्या मिनिटाचं काम. ते कोणाला सांगावं असं त्यांना कधी वाटलं नाही.

श्रावणात एका दुपारी मास्तर एका मुलीचा अर्ज भरत होते. तिचं नाव पुनम. मुखेड तालुक्यातल्या एका वाडीतून ती आईबरोबर, केवळाबाईंबरोबर, आली होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. सगळे कागद चढले, फक्त रहिवासी दाखला राहिला. "तेवढा घिऊन या," मास्तर म्हणाले. "आल्या आल्या धाडून देऊ."

मायलेकी गेल्या. पाचच मिनिटांनी मास्तरांचा उजवा हात माझ्या कळांवरून खाली घसरला. त्यांनी तो डाव्या हातानं उचलून परत वर ठेवला. तो पुन्हा पडला. त्यांना कोणाला तरी हाक मारायची होती, पण तोंडातून शब्दच येईना. शेजारच्या चहावाल्यानं पाहिलं, जीप आणली आणि त्यांना लातूरला नेलं. कोणीतरी बोर्डाचं बटण दाबलं आणि शटर ओढलं. मी अंधारात पडून राहिलो. मास्तरांना अर्धांगवायू झाला होता. जीव वाचला, ते घरी आले, पण वाचा गेली.

बारा दिवस दुकान बंद होतं. तेराव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास शटर वर गेलं. मास्तरांची मुलगी महामाया आत आली. ती उदगीरच्या कॉलेजात शिकत होती, वडिलांसाठी घरी थांबली होती. तिच्यामागं केवळाबाई आणि पुनम होत्या. त्या दोघी आधी दुकानाशी आल्या होत्या, कुलूप पाहून विचारत विचारत घरी गेल्या होत्या.

"दाखला कालच्याला भेटला, माय," केवळाबाई म्हणाल्या. "आन आज शेवटची तारीख हाय म्हन्तेत. मास्तरनी सम्दं भरून ठिवलंय. येवडा एक कागद लावायचा हाय."

"किती वाजेपर्यंत आहे?" महामायानं विचारलं.

"पाच," पुनम म्हणाली. "ताई, होईल न्हवं?"

"होईल की. बसा तुम्ही."

तिनं मला सुरू केलं. माझ्यात एक अपडेट बारा दिवसांपासून वाट पाहत होतं. मास्तर पडले त्याच दिवशी ते उतरलं होतं आणि मी पुढच्या वेळी सुरू होताना ते बसणार होतं. ते बसू लागलं. पडद्यावर आकडा सरकत राहिला. दोनदा मी आपोआप बंद होऊन सुरू झालो. पाऊण तासानं पडदा उजळला. महामायानं प्रवेशाच्या वेबसाइटचा पत्ता लिहिला आणि कळ दाबली.

साइट उघडली नाही. हे पान सुरक्षित नाही, अशी इंग्रजी सूचना आली. महामायानं ती बंद केली आणि पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तीच सूचना. त्या सूचनेच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की या संगणकाचं घड्याळ मागे आहे. तेवढं खाली तिनं वाचलंच नाही. घाईत कोणीही वाचलं नसतं.

मित्रांनो, प्रत्येक वेबसाइटजवळ एक ओळखपत्र असतं. ते कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत चालेल, हे त्यावर लिहिलेलं असतं. माझ्या लेखी तो दिवस २०१४ सालातला होता. त्यामुळे समोर आलेलं खरं ओळखपत्रही मला खोटं वाटत होतं. मी त्या साइटला दारातूनच परत पाठवत होतो. चूक माझी होती, आणि ती सांगायला माझ्याजवळ त्या बारीक अक्षरांशिवाय दुसरी वाचा नव्हती.

महामायानं राउटर बंद करून चालू केला. ब्राउझरमध्ये साठलेली जुनी पानं पुसली. दुसऱ्या ब्राउझरमधून पाहिलं. आपल्या मोबाइलचं नेट मला जोडून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. मोबाइलवर मात्र तीच साइट उघडत होती. पण तिथं पान अर्धंच दिसे आणि दाखला काही केल्या चढेना.

एक वाजला. महामायानं लातूरच्या विनोदला फोन लावला. संगणक दुरुस्त करणारा विनोद मास्तरांच्या ओळखीचा होता. तिनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"मोबाइलवर उघडतंय ना? मग साइट चांगली हाय. मशीनमधीच घोळ हाय," विनोद म्हणाला. "सकाळी काय केलं व्हतं त्याला?"

"मी काही नाही केलं. अपडेट झालं आपोआप."

"मंग तेच. अपडेटनंच वाट लावली. ते काढून टाक. मी सांगतो तसं कर."

तिनं तसं केलं. अपडेट निघू लागलं. बसायला पाऊण तास लागला होता. निघायला त्याहून कितीतरी जास्त लागणार होता. पडद्यावर एक वर्तुळ फिरू लागलं. दहा टक्के. बऱ्याच वेळानं अकरा.

पुनम उठून उभी राहिली. "ताई, त्या कोपऱ्याला दुसरं सेंटर हाय. तिकडं जाऊन बघू का?"

महामायानं पडद्यावरच्या आकड्याकडं पाहिलं. वडील पडल्यावर दुकानात आलेलं हे पहिलं काम होतं, आणि ते वडिलांनीच अर्धं करून ठेवलेलं होतं.

"तुझा पासवर्ड ह्याच्यातच आहे," ती म्हणाली. "तिकडं गेलीस तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. आणि गर्दी किती असेल तिथं! थोडा दम धर. हे निघालं की दोन मिनिटांचं काम आहे."

पुनम बसली. केवळाबाईंनी फडक्यातली भाकरी सोडली, महामायालाही दिली. तिनं घास हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. तीन वाजले, साडेतीन झाले. केवळाबाई मधूनच विचारत, "कामून उघडंना गं माय?" मग त्यांनी विचारणं सोडून दिलं.

सव्वाचारला मी पुन्हा उभा राहिलो. अपडेट गेलं होतं. महामायानं साइटचा पत्ता पुन्हा लिहिला. आम्ही सगळेच श्वास रोखून होतो, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल.

तीच सूचना आली.

महामायाचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. ती ताडकन उठली. "चल," ती पुनमला म्हणाली, "पळ." तिघी उन्हात धावत गेल्या. शटर उघडंच होतं. माझ्यासमोर बाकावर अर्धी भाकरी राहिली होती.

पुढचं मी नंतर ऐकलं. त्या सेंटरवर चारजण पुढे होते. महामायानं हात जोडले, लोकांनी वाट दिली. नवा पासवर्ड मागवायला मोबाइलवर आकडे यायचे होते, ते उशिरा आले. दाखला चढला तेव्हा पाचला दोन मिनिटं होती. शेवटची कळ दाबली तेव्हा पाच वाजून गेले होते, अर्ज गेलाच नाही.

तीन दिवसांनी मास्तर दुकानात आले. दोघांनी धरून त्यांना ऑटोतून उतरवलं. घरी महामायानं सगळं सांगितल्यापासून ते खुणा करून दुकानाकडंच बोट दाखवत होते. त्यांना माझ्यासमोर बसवलं, मला सुरू केलं. त्यांनी डावा हात उचलला. एक बोट माझ्या पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर टेकलं आणि तिथंच घासू लागलं.

"काय आहे अप्पा? पुसू का?" महामायानं विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. बोट उचललं नाही. ती वाकली, डोळे बारीक केले. मग तिनं वाचलं.

तिनं तारीख घातली. साइट एका क्षणात उघडली, एवढी सहज की जणू कधी अडलीच नव्हती. पानावर मराठीत लिहिलं होतं, प्रवेश अर्जाची मुदत संपली आहे.

मास्तरांनी काहीतरी म्हटलं. तो शब्द नव्हता, नुसता आवाज होता. महामायानं त्यांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

नंतर एकदा पुनम आपले मूळ कागद न्यायला आली. महामायानं तिच्यापासून काही लपवलं नाही. "नुसती तारीख चुकली होती," ती म्हणाली. "आणि मी तुला धरून ठेवलं. तू दुपारीच गेली असतीस तर झालं असतं. माझी चूक आहे."

पुनमनं कागद एकेक करून पिशवीत घातले. "मास्तर बोलतेत का आता?" तिनं विचारलं.

"नाही अजून."

"पुढल्या साली भरू, ताई," ती म्हणाली आणि एसटी पकडायला गेली. केवळाबाई बाहेर पायरीवर बसल्या होत्या. त्या आत आल्याच नाहीत.

पुढलं साल आलं. अर्ज सुरू झाले, तेव्हा महामायानं आपणहून फोन लावला. मी ऐकत होतो. केवळाबाई म्हणाल्या, पुनमचं वैशाखात लग्न झालं, देगलूरकडं दिली. महामायानं विचारलं, तिकडची माणसं शिकवतील का? "बगू," केवळाबाई म्हणाल्या. "तिला सांगते फोन आल्ता म्हनून." महामायानं फोन ठेवला. त्याच आठवड्यात नवा संगणक आला आणि मला मागच्या खोलीत हलवलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाटायला नकोच होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, एवढंच मला सांगायचं असतं तर ते एका वाक्यात सांगून झालं असतं. एखाद्या यंत्राचा बारकासा भाग संपला असेल, तर तो आज बदला. उदगीरला जाणारी गाडी दर तासाला असते. पण त्याहूनही एक गोष्ट मनात ठेवा. तुमच्या घरात, शाळेत, दुकानात असं एखादं काम नक्की असेल, जे फक्त एकाच माणसाला ठाऊक आहे. ते इतकं लहान असतं की त्यालाही ते सांगावंसं वाटत नाही. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारून घ्या, तो बोलतो आहे तोवर.