पंगतीतून उठलेला व्याही

रामरावांच्या पंगतीतून त्यांचा व्याही अर्ध्या ताटावरून उठून गेला, ही बातमी अकोल्यातल्या सगळ्या सोयऱ्यांत पोचली. का गेला, ते फक्त किसनरावांना ठाऊक होतं, आणि सांगायचं म्हटलं की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

किसनराव वलगावचे, फुलशेती करणारे. दोन महिन्यांपूर्वी अमरावतीत त्यांची खड्यांनी भरलेली पित्ताची पिशवी काढली. उगाच बोभाटा नको म्हणून त्यांनी लेकीलाही, पौर्णिमालाही, कळवलं नाही. पंधरा दिवस होतात न होतात तोच तिच्या सासरी, अकोल्याला रामरावांकडे, रोडग्यांचं जेवण निघालं. निखाऱ्यात भाजलेला कणकेचा रोडगा फोडायचा आणि व्याह्याने हात आडवा धरला तरी वर तूप ओतायचं, ही वऱ्हाडातली माया. मान राखायला किसनराव खात गेले. तिसरा रोडगा ताटात पडला आणि पोटात असा काही मुरडा आला, की बिचारे अनवाणीच पळाले. संडास गाठेपर्यंत धोतर खराब झालं. कोणत्या तोंडाने परतणार? मागच्या दाराने निघून त्यांनी थेट अमरावतीची बस धरली.

डॉक्टर रागावले. "पित्त बनतंच आहे, पण साठवायला पिशवी नाही. ते थोडं थोडं सारखं आतड्यात उतरतं. एकदम एवढं तूप पचणार कसं? थोडं थोडं, चारदा खा. तूप हळूहळू वाढवा, शरीराला सवय होते."

किसनराव सांभाळून खाऊ लागले, पोट ताळ्यावर आलं. मग एक दिवस मुलगा शेखर बहिणीकडून परतला.

"बाबा, तिले रोज टोमणे बसून राहिले. तुह्या बापाले आमचं अन्न गोड नाही लागलं म्हणते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच किसनराव अकोल्याला. रामराव जागचे उठले नाहीत, पाणीही विचारलं नाही. किसनरावांनी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, धोतरासकट.

"ईवाई, तुमचं अन्न नाही टाकलं म्या. लाजेनं पयालो."

रामरावांचा चेहरा उतरला. "तुमी हात आडवा धरला, अन् म्याच तो बाजूले सारला!" त्यांनी सुनेला हाक मारली. पिठाच्या हातांनी पौर्णिमा घाबरतच बाहेर आली. घरच्या सगळ्यांसमोर सासऱ्याने हात जोडले.

"पोरी, दीड महिना तुले बापावरून बोलून राहिलो. चुकलं माहं."

तिने बापाचं उतरलेलं अंग पाहिलं. "बाबा, आपरेशन झालं, अन् मलेबी नाही सांगतलं?"

सासरी आल्यापासून पौर्णिमा पहिल्यांदा मोठ्याने रडली, आणि तिला कोणीही गप्प केलं नाही.