निम्म्या पगाराची गोष्ट

सोफे-खुर्च्यांची मागणी घटली आणि कारखान्यात पहिली कुऱ्हाड पडली ती पॉलिशवाल्यावर. मजुरीचे दर करारानं बांधलेले. ते उतरवता येईनात, म्हणून मालकांनी माणूसच उतरवला. घरी बसून तो इतका चिडचिडा झाला की बायको वैतागून म्हणाली, "भांडायचंच असेल तर बाहेर जाऊन भांडा. निदान चार माणसं तरी भेटतील!"

शेवटी मनाचा हिय्या करून तो मालकांकडे गेला. "साहेब, निम्म्या पगारावर येतो, पण कामावर घ्या."

मालकांनी मान हलवली. "तुला निम्म्यावर घेतलं तर बाकीच्यांना वाटेल, उद्या आपली पाळी. मग कामात कुणाचं मन लागेल? आणि तू तरी किती दिवस गोड मानून घेशील? नको बाबा."

बातमी कारखान्यात आतपर्यंत गेलीच. संध्याकाळी साडू दारात हजर! तोही त्याच पॉलिश खात्यात, आणि जिभेला हाड नसलेला.

"आमच्या पोटावर पाय द्यायला निघालास?"

"तुझं पोट भरतंय तरी," पॉलिशवाला म्हणाला. "माझ्या पोटाचं काय?" आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

साडू खाली बसला. मग म्हणाला, "दर पाडायचा नाही. पण काम वाटून घेता येईल की."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं खात्यात विषय काढला. कुरबुर झाली. लाकडाचं घासकाम करणारी ताई तर स्पष्टच म्हणाली, "घरात मी एकटी कमावती. मला नाही जमायचं." तिला वगळून बाकीच्यांनी आठवड्यातला एकेक दिवस त्याच्यासाठी सोडला. खर्च तेवढाच आणि हात सरावलेला; मालकांनाही नाही म्हणायला जागा उरली नाही.

साडूनं गल्लीतूनच आरोळी ठोकली, "सोमवारपासून ये रे!" बायको हातातलं भांडं तसंच ठेवून दाराकडे धावली. पॉलिशवाला नुसताच हसत राहिला. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून नेला होता.

सोमवारी ताई त्याच्याकडे बघेना. तो तिच्याजवळ गेला. "ताई, तुमच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो."

तिनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि स्टूल सरकवून त्याला जागा करून दिली.