पहिलं विधान विसरायचं

बस डेपोच्या भांडारात मी अठरा वर्षं मदतनीस आहे. भांडारप्रमुखाच्या परीक्षेत दोनदा आपटले. ही शेवटची संधी, पुढच्या वर्षी वय उलटणार. दोन्ही वेळा मला बुडवलं ते ‘माहिती पुरेशी आहे का’ या प्रश्नांनी. दोन विधानं देतात; उत्तर कुठल्या एकावरून निघतं की दोन्ही लागतात, ते सांगायचं. शेवटी शिकवायला बसली माझीच पोरगी, वय वर्षं बारा, जिभेला हाड नाही.

"वाच," तिने हुकूम सोडला.

दोन अंकी संख्या, दोन्ही अंक मूळ संख्या. संख्या कोणती? पहिलं विधान : अंकांची बेरीज पाच. दुसरं : संख्याही मूळ आहे.

"पहिल्यावरून तेवीस किंवा बत्तीस, म्हणजे अपुरं. दुसरं एकटं पुरेसं. तेवीस!"

"सदतीस का नाही? त्रेपन्न? त्र्याहत्तर?"

"अगं, बेरीज पाच सांगितलीय ना!"

"ते पहिल्यात! आई, दुसरं वाचताना पहिलं विसरायचं. दोन्ही एकत्र धरलीस तरच तेवीस."

विसरायचं? मी? माझ्या लग्नात कोणत्या नणंदेने कशावरून नाक मुरडलं ते मी आजही तारीखवार सांगेन. एकदा ऐकलेलं माझ्या डोक्यातून जाता जात नाही. भांडणात त्याचा फार उपयोग होतो, इथे मात्र त्यानेच घात केला होता.

पोरगी वैतागली. माझा तळहात ओढून तिने पहिल्या विधानावर दाबून धरला. "आता सांग!"

महिनाभर रोज हेच. चुकले की "पुन्हा!" जेवताना, भांडी घासताना. माझ्या आईनेही मला एवढं फैलावर घेतलं नव्हतं.

परीक्षेत तसे आठ प्रश्न आले. दरवेळी दुसरं वाचताना मी पहिलं विधान तळहाताने झाकलं. पर्यवेक्षकाला संशय आला, हात उलटा करून बघून गेला बिचारा.

यादीत मी पहिली! मुलाखतीला साहेबांनी विचारलं, "आठच्या आठ बरोबर? क्लास कोणता लावलात?"

"घरचाच. मास्तरीण सातवीत आहे, साहेब. फार कडक. बाहेरच बसलीय."

साहेब खो खो हसले आणि म्हणाले, "त्यांना आत बोलवा."

बाहेर बाकावर पाय हलवत बसलेली माझी पोरगी आत आली. भांडारात अठरा वर्षांत मला कुणी खुर्ची दिली नव्हती. साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी तिला खुर्ची पुढे केली. मग नियुक्तीचा कागद माझ्यापुढे आला. मी खुर्चीतल्या पोरीकडे बघतच सही करू लागले, ती रेघ सोडून खाली घसरली.

"नीट कर," पोरगी म्हणाली.