एकशे चाळीस पायऱ्या

मी एक जुने पुस्तक आहे, मित्रांनो. ग्रंथालयाच्या तिसऱ्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर माझे बस्तान आहे. माझी पाने पाण्याने फुगलेली आहेत आणि कणा दोनदा शिवलेला आहे. आमच्यातली म्हातारी पुस्तके बोलायला लागली की गाऱ्हाणी सांगतात. कोणी पान दुमडले, कोणी चहा सांडला, कोणी परत आणायचे विसरले. माझे गाऱ्हाणे कोणाबद्दलच नाही. मला माझीच लाज वाटते, आणि ती का वाटते ते आज एकदाचे सांगून टाकणार आहे.

माझा जन्म एका छोट्या छापखान्यात झाला. माझा लेखक विमा कचेरीत कारकून होता. हाताने लिहिलेला गठ्ठा काखोटीला मारून तो आला आणि जुळाऱ्यापुढे अवघडून उभा राहिला. जुळारी म्हणजे शिशाचे एकेक अक्षर उचलून ओळ जुळवणारा माणूस. हा जुळारी मजकूर मोठ्याने वाचत वाचत जुळवायचा. चौथ्या प्रकरणाशी तो थांबला आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "साहेब, किती वर्षं काढलीत हो तुम्ही त्या बेटावर? मला इथं बसल्याबसल्या खारं वारं लागायला लागलंय!"

लेखक ओशाळला. "गेलो नाही कधी," तो म्हणाला. "मला बोट लागते."

"न जाताच लिहिलंत? कमाल आहे बुवा!" जुळारी खो खो हसला. लेखकालाही बरे वाटले असावे, कारण तोही हसला. आणि खोटे कशाला बोलू, माझी शाई अजून ओली होती तरी मीसुद्धा मनातल्या मनात हसलो.

माझ्यात गोष्ट होती दोरखंड विकणाऱ्या एका बाईची. पण लोकांना ती बाई फारशी आठवत नसे, आठवायचे ते बेट. बेट खरेच होते. नकाशात त्याचे नाव होते, आठवड्यातून दोनदा तिकडे बोट जायची. खोटे होते ते त्यावरचे बाकी सगळे. बोटीतून धक्क्यावर उतरायचे, डावीकडे वळायचे, की दगडी पायऱ्या लागतात. मोजून एकशे चाळीस. डाव्या हाताला लोखंडी कठडा, ऐंशीव्या पायरीवर दगडी बाक, तिथे ओल्या कपड्यांचा आणि साबणाचा ऊन ऊन वास. वर चौक आणि चौकात दोर वळणारी माणसे. हे सारे लेखकाने आपल्या खोलीत बसून रचले होते. आणि त्याने पायऱ्या इतक्या नेमक्या मोजल्या होत्या की खोटेपणाची शंका कोणाला यावी?

ग्रंथालयात आलो तेव्हा मला कादंबऱ्यांत ठेवायला हवे होते. पण ग्रंथपाल बाईंनी मला आधी वाचून काढले आणि 'प्रवास' अशी चिठ्ठी लावून वेगळ्याच फळीवर बसवले. मग काय विचारता! एक न्हावी मला परत करताना म्हणाला, "तिकीट न काढता बेट बघून आलो." एक परिचारिका जेवणाच्या सुट्टीत यायची, चपला काढून सुजलेले पाय बाकावर ठेवायची आणि अर्धा तास मला वाचून निघताना म्हणायची, "चला, पाय धुऊन आले समुद्रात." कोणी वाळवंटाचे पुस्तक न्यायचे, कोणी बर्फातल्या गावाचे, पण माझ्यासाठी नंबर लागायचे. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

माझ्या शेजारी नकाशांचे एक जाडजूड पुस्तक होते. त्याला कोणी क्वचितच हात लावायचे. एकदा मी त्याला म्हणालो, "तुझ्यात नुसत्या रेषा. ना वास, ना वारा."

ते म्हणाले, "अंतरं मात्र बरोबर आहेत."

मला वाटले, जळते बिचारे.

अशी बरीच वर्षे गेली. मग मला त्या दोघी बहिणी भेटल्या. थोरलीला सगळे ताईच म्हणत. नवव्या वर्षी तापात तिचे डोळे गेले होते. आता पन्नाशी उलटली होती. ती वेताच्या खुर्च्या विणायची. दवाखाने, कचेऱ्या, शाळा सगळीकडून बैठक फाटलेल्या खुर्च्या तिच्याकडे यायच्या. धाकटी टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करायची. तीन वाजता ती घरी यायची, दोघींचा चहा व्हायचा आणि मग ताई विणायची, धाकटी वाचायची. अशा रीतीने त्या कुठे कुठे हिंडल्या होत्या! प्रत्येक ठिकाणाहून ताई एकच गोष्ट आपल्यापाशी ठेवायची. बर्फातल्या गावातून तिने छपरावरून बर्फ घसरण्याचा आवाज आणला होता. वाळवंटातून आणली होती उंटाच्या खोगिराची करकर. "धाकटे, ते खोगीर वाच गं," असे ती मध्येच म्हणायची.

माझे चौथे प्रकरण सुरू झाले तसे ताईचे हात थांबले.

"पुन्हा वाच. कठडा कुठल्या हाताला?"

"डाव्या."

"आणि बाक कितव्या पायरीवर?"

"ऐंशीव्या."

ताईने वेताची पट्टी मांडीवर ठेवली. "बाकीचे लिहितात, समोर सुंदर देखावा होता. मला काय करायचाय देखावा? हा माणूस आंधळ्यांसाठी लिहितो गं. याच्या भरवशावर मी एकटी चालेन."

मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदा माझी लाज वाटली. मला खरे काय ते ठाऊक होते. पुस्तकाला तोंड नसते हे खरे, पण मी त्या लाजेकडे काणाडोळा केला. एवढे कौतुक कोणाला नको असते?

ताईने माझी तीन पारायणे करवली आणि मग त्या बेटावर जायचा हट्टच धरला. धाकटीने दहा दिवसांची रजा काढली, ग्रंथपाल बाईंकडून मला जास्तीची मुदत घेतली आणि मला पिशवीत टाकून दोघी निघाल्या. बोट संध्याकाळी लागली तेव्हा काळोख पडला होता, आजूबाजूचे काही दिसले नाही. धक्क्याजवळच एका बाईच्या घरी त्यांनी खोली घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आंघोळीला गेली. ताईने पिशवीत हात घालून मला बाहेर काढले, उजव्या हातात काठी घेतली आणि मला डाव्या हातात धरले. तिला वाचता येत नव्हते, तरी मी तिला बरोबर हवा होतो. आजवर ती जिथे गेली तिथे कोणाच्या तरी कोपराला धरून गेली होती. एकदा, एकदाच, तिला न धरता चालायचे होते. ओठांतल्या ओठांत ती माझीच वाक्ये म्हणत होती. मी ऐकत होतो.

धक्क्यापाशी ती डावीकडे वळली. पहिली पायरी शोधायला तिने पाय उचलला, वर. पण जमीन खाली जात होती. तो नावा पाण्यात सोडायचा उतार होता, शेवाळाने हिरवागार झालेला. तिने कठड्यासाठी डावा हात पुढे केला. त्या हातात मी होतो, आणि कठडा तर नव्हताच. ती कोसळली. तिचे मनगट माझ्या पुठ्ठ्याच्या टणक कोपऱ्यावर आपटले आणि हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला. तो आवाज मला अजून येतो. मग शेवाळावरून घसरत आम्ही पाण्यात गेलो.

जाळी दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने धावत येऊन तिला कमरेइतक्या पाण्यातून ओढून काढले. मलाही काढले.

"बाई, इकडं कुठं निघाला होता?"

"पायऱ्या," ताई धापा टाकत म्हणाली. "एकशे चाळीस. वर चौक आहे ना?"

"पायऱ्या?" तो गोंधळला. "अहो, हे बेट तव्यासारखं सपाट आहे. इथं वर असं काही नाहीच."

ताई चांगल्या हाताने आपली काठी चाचपू लागली. ती चिडली असती, रडली असती, तर मला थोडे बरे वाटले असते.

मनगटाला प्लॅस्टर पडले. दुपारी धाकटी मला उचलून तरातरा धक्क्यावर आली. मागून खोलीवाल्या बाईचा हात धरून ताईही आली.

"काय करतेस?"

"फेकतेय मेल्याला पाण्यात."

"ग्रंथालयाचं आहे ते," ताई म्हणाली.

धाकटी हसली आणि मग तिथेच मटकन बसून रडली. ताई तिच्याशेजारी बसली. "वाळव ते. वाळलं की पहिल्यापासून वाच. पण या खेपेला जिथं खोटं आहे तिथं थांबायचं."

उरलेले दिवस त्यांनी तेच केले. धाकटी माझे वाक्य वाचायची, दोघी त्या जागी जायच्या आणि ताई सांगेल ते धाकटी माझ्या समासात पेन्सिलीने लिहायची. 'इथे पायऱ्या नाहीत. उतार आहे, निसरडा. डाव्या हाताला कठडा नाही. सावध.' 'दोर वळणारे कोणी नाही. जाळी शिवणारा आहे, तो शिवताना शीळ घालतो.' 'साबणाचा वास नाही. डांबर आणि सुके मासे.' बेट चांगले होते, मित्रांनो. त्या शिळेचे मलाही कौतुक वाटले. माझ्या लेखकाने तिथे एक दिवस जरी काढला असता तर मी केवढे चांगले पुस्तक झालो असतो! एकेका नोंदीबरोबर मी अंग चोरून घेत होतो. चारचौघांत कोणी आपले कपडे उतरवावेत तसे वाटत होते, आणि ते उतरवणे योग्यच आहे हेही कळत होते.

परत आल्यावर ग्रंथपाल बाई आधी रागावल्या. "पुस्तकात लिहायचं नसतं एवढं तुम्हाला..." मग त्या वाचू लागल्या. त्यांनी नखाने 'प्रवास'ची चिठ्ठी खरवडून काढली आणि मला इथे, कादंबऱ्यांत आणून ठेवले. नकाशांच्या पुस्तकाचा निरोप घ्यायचे माझे धाडस झाले नाही.

ताईचे हाड वाकडे जुळले. डाव्या हाताने तिला पट्टी ताणून ओढता येईना. तिने विणलेल्या खुर्च्या महिन्याभरात लोंबून परत येऊ लागल्या. धाकटीने हे ग्रंथपाल बाईंना सांगितले, त्यांच्याकडून लेखकाचा पत्ता घेतला आणि तिथेच टेबलावर पत्र लिहून त्यांना वाचून दाखवले. दोनच ओळी होत्या. 'तुमच्या पायऱ्या शोधताना माझ्या बहिणीचा हात मोडला. ती खुर्च्या विणते.'

आठवड्याने लेखक आला. केस पांढरे झालेले, मान खाली. त्याने मला मागून घेतले आणि कपाटापाशी उभ्या उभ्या सगळ्या नोंदी वाचल्या. त्याच्या अंगठ्याला घाम सुटला होता. मग मला घेऊन तो थेट बहिणींच्या घरी गेला. दार उघडेच होते. ताई एका खुर्चीशी झटत होती. पट्टीचे टोक दातांत धरून ओढत होती.

"कोण?" तिने विचारले.

"मी... या पुस्तकाचा..."

आतून धाकटी आली आणि त्याच्या हातात मला पाहून सगळे समजली. तोंड उघडणार तोच ताईने हात वर केला.

"बसा. ती लाकडी खुर्ची घ्या, वेताच्या खुर्चीवर बसू नका. ती मी या हातानं विणलीय."

तो बसला नाही. "मी कधी तिथे गेलोच नव्हतो," तो म्हणाला. "कोणी खरंच जाईल असं वाटलं नव्हतं. मला माफ करा असं तरी कुठल्या तोंडानं म्हणू?"

ताईने पट्टी खाली ठेवली. "एक सांगा. त्या पायऱ्या तुम्ही मनानं नाही रचलेल्या. साबणाचा ऊन वास कोणी मनानं रचत नाही. कुठं आहेत त्या?"

लेखक चाचरला. "माझ्या घरामागं. बोळात. एकशे चाळीस नाहीत, एकवीसच आहेत. मध्ये धोब्याचं दुकान आहे."

"कुठला बोळ?"

"इथून चालत दहा मिनिटं."

"मग न्या मला तिथं."

ते तिघे गेले, आणि मी धाकटीच्या हातात. बोळाच्या तोंडाशी ताईने धाकटीचे कोपर सोडले. डावा हात पुढे केला. लोखंडी कठडा होता, थोडा डगमगता. वाकड्या मनगटाने तिने तो धरला आणि एकेक पायरी मोजत चढू लागली. बाराव्या पायरीवर दगडी बाक होता. धोब्याच्या दारातून वाफ आली, साबणाची, ऊन ऊन. ताई बाकावर बसली. चेहरा तिने वाफेकडे केला. आम्ही सगळे खाली उभे होतो.

"अहो," ती म्हणाली, "मग इथलंच नाव घालायचं होतं की. चालत आलो असतो आम्ही."

लेखकाने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मला हात नाहीत.

मित्रांनो, पुस्तकांतून जरूर हिंडा. पण खरोखर पाऊल टाकायच्या आधी तिथल्या कोणाला तरी विचारा. आणि मला कधी हातात घेतलेत तर एवढे करा. माझ्या कण्याची, पुठ्ठ्याची चिंता नको. छापलेली अक्षरे खोटी असूनही शंभर वर्षे टिकतील. समासातली पेन्सिल मात्र पुसट होत चालली आहे. चौथ्या प्रकरणातले 'सावध' तर आता उजेडात तिरपे धरल्याशिवाय दिसत नाही. कोणी हलक्या हाताने तेवढे गिरवाल का?