उन्हाची खिडकी

दोन भाऊ आपापल्या बायकांना घेऊन मोटरहोममधून फिरायला निघाले, आणि गाडीत ऊन येणारी खिडकी निघाली एकच. तिथल्या दोरीवर थोरल्या जावेच्या टॉवेलाचं राज्य. धाकटीनं आपला ओला टॉवेल तिथं घातला रे घातला, की थोरली तो ओढून सरळ धाकटीच्या गादीवर भिरकावायची. बिचारी रोज दमट अंथरुणात झोपायची आणि सकाळी शिंकत उठायची.

"अगं, एवढं काय त्यात? अंगाच्या उबेनं वाळतो टॉवेल," थोरली वर म्हणायची.

धाकटीनं हे बोलणं पक्कं लक्षात ठेवलं.

एका दुपारी चौघंही तळ्यात पोहून आले. थोरली बाहेर केस विंचरत बसली, तेवढ्यात धाकटीनं चारही टॉवेल, मुद्दाम न पिळता, तिच्या चादरीखाली छान पसरले.

गाडी सुरू झाली. थोरलीनं अंथरुणावर अंग टाकलं आणि अशी किंचाळली, की तिच्या नवऱ्यानं करकचून ब्रेक दाबला.

धाकटीनं येऊन तिच्या अंगावर पांघरूण घातलं, चारी बाजूंनी नीट खोचलं.

"उठू नका हं, जाऊबाई," ती गोड आवाजात म्हणाली. "आज चौघांचे आहेत. वाळायला वेळ लागेल."